‘बॉयकॉट’ हा शब्द आला कुठून?
(शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

‘बॉयकॉट’ हा शब्द आता आपल्या पाड्यावरची पोरंसुद्धा बोलतात. व्यापाऱ्याला माल द्यायचा नाही, त्याच्याकडून घ्यायचा नाही, त्याच्या कामावर जायचं नाही, हा त्याचा अर्थ. पण मुळात हे एका माणसाचं आडनाव आहे.

आयर्लंड देशात, मेयो जिल्ह्यात, कॅप्टन बॉयकॉट नावाचा इंग्रज होता. जमीन लॉर्ड अर्न या बड्या जमीनदाराची, हा त्याचा कारभारी. १८८० साली कुळं म्हणाली, पिकं बुडाली आहेत, खंडात शंभराला पंचवीस सूट द्या. जमीनदार दहाच्या वर जाईना. बॉयकॉटने जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या.

कुळांची ‘लँड लीग’ नावाची संघटना होती. तिच्या सांगण्यावरून लोकांनी बॉयकॉटशी व्यवहारच तोडला. मजूर शेतावर जाईनात, दुकानदार माल देईना, लोहार काम करीना, टपाल आणणारा पोरगाही येईना. पीक शेतात तसंच राहिलं. मग बाहेरून पन्नास मजूर आणले, त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला १०,००० पौंड गेले असं सांगतात. नोव्हेंबरच्या अखेरीस बॉयकॉटला तिथून निघावं लागलं. त्याचं नाव मात्र शब्द होऊन जगभर गेलं.

आपल्याला ही रीत नवी नाही. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातले वारली म्हणाले, पाचशे रतल गवताला अडीच रुपये द्या, नाहीतर विळा लावणार नाही.

मराठीत याला बहिष्कार म्हणतात. पण बहिष्कार म्हणून गावांनी दलितांचं पाणीही तोडलं, जातपंचायतींनी घरं वाळीत टाकली. ते आणि हे एक नव्हे. वाळीत टाकतात ते गरिबाला, एकट्याला. बॉयकॉट करायचा तो ज्याच्या हातात जमीन आहे, काटा आहे, त्याचा.

यंदा मोहाच्या हंगामात काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला माल द्यायचा नाही, असं आपण म्हणतो आहोत. पण ज्या घरानं त्याच्याकडून आधीच उचल घेतली आहे, ते घर काय करील? ते रात्री गुपचूप टोपली नेऊन देईल. त्याला दोष देऊन भागणार नाही. उचल कोण फेडणार, मीठ-तेल कुठून आणणार, हे प्रत्येक पाड्यानं हंगामाआधी बसून ठरवावं. ते ठरलं तरच बॉयकॉट पुकारू.

जिंदाबाद!