वैमानिकाची पहिली नोकरी



किमान २०० तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. परंतु विमानकंपनीत कप्तान होण्यास लागणाऱ्या वरिष्ठ परवान्यासाठी १५०० तास भरावे लागतात. म्हणून पहिली नोकरी पत्करताना तरुणाने वेतनाच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: महिन्याकाठी उड्डाणाचे तास किती मिळतील? विशिष्ट जातीच्या विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च कोण सोसणार? करारपत्र किती वर्षे बांधून ठेवणार? २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट एअरवेज व २०२३ साली गो फर्स्ट यांची उड्डाणे थांबली, हेही स्मरावे. घर गहाण टाकून मुलास शिकविणाऱ्या आईबापांनी तर जाणत्या वकिलास दाखविल्यावाचून करारावर सही होऊ देऊ नये.