चमकणारी माशी ओळखा



आपल्या गटांतल्या कितीतरी जणींनी कर्ज काढून शेळ्या घेतल्या आहेत. तारेने खरचटलेली एवढीशी जखम, तिच्यावर माशी बसते आणि दोन-तीन दिवसांत शेळी चारा सोडते. म्हणून आज माशी ओळखायला शिकू.

गोठ्यात तीन माश्या नेहमी दिसतात. पहिली घरमाशी. रंग राखाडी, पाठीवर चार काळे पट्टे. दुसरी मांसमाशी. तीही राखाडी, पण मोठी. पाठीवर तीन पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. ती बहुधा अंडी घालत नाही, बारीक जिवंत अळ्याच सोडते. तिसरी हिरवी-निळी, मोरपिसासारखी चमकणारी. तिच्या कुळाला शास्त्रात कॅलिफोरिडी म्हणतात.

या कुळातल्या बऱ्याच माश्या मेलेल्या, सडक्या मांसावर वाढतात. पण क्रायसोमाया बेझियाना या जातीच्या अळ्या फक्त जिवंत मांस खातात. मादी जखमेच्या कडेला एका वेळी साधारण १५० ते २०० अंडी घालते. एका दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि डोके आत खुपसून मांस पोखरत जातात. त्यांच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारखी काट्यांची कडी असतात. पाच ते सात दिवसांनी त्या खाली पडतात आणि मातीत कोष करतात.

ही माशी आणि तिच्या चमकणाऱ्या बहिणी नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून जखमेभोवती कोणतीही चमकणारी माशी दिसली, की जखम त्याच दिवशी तपासायची. कडेला पांढऱ्या दाण्यांचा पुंजका दिसतो का? घाण वास, पातळ रक्ताळ स्राव येतो का? जनावर जखम सारखी चाटते का?

अळ्या दिसल्या तर फिनेल किंवा पेट्रोल ओतू नका, त्याने चांगले मांसही जळते. पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. सगळ्या अळ्या काढून जखम धुवायला हवी. एक जरी आत राहिली तरी ती पोखरतच राहते. नवीन करडाच्या नाळेला आयोडीन लावा. शिंग, कान, खूर रोज बघा. घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असेल, तर त्यांच्या जखमाही झाकून ठेवा.

सकाळी धार काढताना जखमेकडे दोन मिनिटे बघितले, तर पुढचा मोठा खर्च टळतो. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या गोठ्यात कोणत्या माश्या दिसल्या ते सांगायचे.