स्क्रूभोवतीची चीर

घरातलं प्लॅस्टिकचं काही तडकलं की आपण दोनच कारणं धरतो. एक तर कुणीतरी आपटलं, नाहीतर माल हलका होता. असेलही. पण पुढच्या वेळी तडा नेमका कुठून सुटलाय तेवढं बघा. पुष्कळदा तो स्क्रूच्या भोकाशी असतो, नाहीतर काटकोनी कोपऱ्यात, किंवा वाकवून बसवलेल्या भागावर. म्हणजे जिथे आधीपासूनच ताण आहे तिथे. आणि तिथे कधीतरी काहीतरी पुसलेलं किंवा सांडलेलं असतं.

प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. शिजवून गार झालेल्या शेवया एकमेकींना धरून बसतात, पण वरून तूप सोडलं की सुट्या होतात. इथेही तेच. पेट्रोल, स्पिरिट किंवा एखादं तेल प्लॅस्टिकमध्ये किंचित झिरपतं. साखळी ते तोडत नाही, फक्त साखळ्यांची आपसातली पकड सैल करतं. ताण नसेल तर वस्तू तरीही बरीच टिकते. ताण असेल तर साखळ्या सरकायला लागतात आणि आधी प्रकाशात चमकणाऱ्या अगदी बारीक रेघा उमटतात. या रेघा म्हणजे पुरती भेग नव्हे. त्यांच्या आत काही धागे अजून दोन्ही काठ धरून असतात. ते तुटले की मग तडा. बरं, ताण बाहेरूनच यायला हवा असंही नाही. कारखान्यात साच्यातलं प्लॅस्टिक घाईनं थंड केलं की तो वस्तूच्या आतच अडकून राहतो.

2020 साली दुकानांच्या गल्ल्यापुढे ॲक्रिलिकचे पारदर्शक पडदे लागले आणि त्यांच्यावर सॅनिटायझरची फडकी फिरू लागली. ॲक्रिलिकचं अल्कोहोलशी मुळीच जमत नाही. तावाच्या कापलेल्या कडेला आणि भोकांपाशी ताण असतोच, आणि बारीक रेघांचं जाळं धरतं ते तिथूनच.

प्रत्येक प्लॅस्टिकचा वैरी मात्र वेगळा. संत्र्याच्या सालीतलं तेल पॉलिस्टायरीनला, म्हणजे थर्माकोल ज्याचा करतात त्याला, चक्क विरघळवतं. पॉलिथिलीनला त्या मानानं बऱ्याच रसायनांचं काही वाटत नाही, पण साबणासारख्या द्रावणापुढे ते हार खातं. गंमत म्हणजे साबण त्यात फारसा मुरतही नाही. अमेरिकेत टेलिफोनच्या केबलींवर पॉलिथिलीनचं आवरण येऊ लागलं तेव्हा बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी याचा छडा लावला. त्यातून निघालेली चाचणी आजही चालते: छोट्या पट्टीला चीर द्यायची, ती वाकवून पितळी खाचेत अडकवायची, नळीतल्या डिटर्जंटच्या द्रावणात बुडवायची आणि किती वेळानं तडकते ते मोजायचं. मला ही चाचणी फार आवडते, कारण ताण आणि द्रव दोघांनाही ती एकाच नळीत कोंडते.

उन्हाचं प्रकरण निराळं. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे दोन-तीन उन्हाळ्यांत हातात तुटतात, गच्चीतली खुर्ची पांढुरकी पडून बोटाला भुकटी लागते. इथे अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून साखळ्याच कापून टाकतात. म्हणून तर पॉलिथिलीनच्या पाण्याच्या पाइपात साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळतात. ती ऊन स्वतः शोषून घेते. गच्चीवरच्या टाक्या काळ्या असतात त्याही याचसाठी.

आता हेल्मेट. बरीच हेल्मेटं एबीएस नाहीतर पॉलिकार्बोनेटची असतात. दोन्ही मजबूत, पण पेट्रोल आणि थिनर दोघांनाही बाधतात. गॅरेजमध्ये डाग निघावा म्हणून पेट्रोलचं फडकं सहज फिरवलं जातं. हौसेनं रंग देतात, स्टिकर लावतात; त्या रंगातला थिनर आणि स्टिकरचा गोंदही काही वेळा तेच काम करतो. काचा पुसायचा अमोनियाचा फवारा पॉलिकार्बोनेटच्या व्हायझरला चालत नाही. हेल्मेट साध्या सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवावं आणि सावलीत वाळवावं. एखादं पेट्रोलनं पुसलेलं असेल तर पट्ट्याच्या रिव्हेटभोवती आणि व्हायझरच्या स्क्रूपाशी उजेडात तिरकं धरून बघा. तिथे चमकत्या रेघा दिसल्या तर ते हेल्मेट वापरू नका. आणि काहीच दिसलं नाही तरी ते बदललेलं बरं, कारण वरच्या रंगाखाली आणि स्टिकरखाली काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.