वस्तरा खाली ठेवणारे हात



कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या कराडात स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत.

देवावाचून नीती उभी राहते का, हा या परिषदेचा विषय. तो आमच्या मातीतलाच आहे. जवळच्याच टेंभू गावी 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही याच सातारा जिल्ह्यातलं. जोतीराव निर्मिक मानत. त्याने सगळ्यांना सारखंच घडवलं, ही त्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेच्या माणसाने 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आगरकरांना निर्मिक लागला नाही. 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढलं आणि ते विधवांच्या केशवपनावर तुटून पडले. वाटा दोन, पण दोघेही पोचले स्वयंपाकघराच्या अंधारात बसवलेल्या त्याच विधवा मुलीपाशी.

माझ्या आजोबांची बहीण अशीच आलवणात म्हातारी झाली. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

समाजाला पटते ती नीती, असं हल्ली पुष्कळ जण म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. तसं असेल तर त्या काळच्या पुण्यात आगरकर अनीतिमान ठरतात आणि जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढणारे नीतिमान. बहुमत आगरकरांच्या बाजूने नव्हतंच. तरीही ‘त्या लोकांचं चुकलं’ असं आपण आज ठामपणे म्हणतो, तेव्हा बहुमताच्या पलीकडचं कुठलंतरी माप आपण वापरतोच. ते निर्मिकाने दिलं की माणसाच्या वेदनेतून आलं, यावर इथे दोन दिवस कडकडून वाद व्हावा.

मला सारखा आठवतो तो 1890 मधला मुंबईतला प्रसंग. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव सभेला जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. हे काम त्यांच्याकडे धर्माच्या नावानेच आलेलं होतं, आणि पोटही हातातल्या वस्तऱ्यावर होतं. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचले होते. या नाभिकांच्या हातात ते डोकं होतं, रडणं कानाशी होतं. हे पाप आहे, हे त्यांना कळलं ते तिथे. त्या कळण्याला काय म्हणायचं, श्रद्धा की बुद्धी, हे मला सांगता येत नाही. पण ते नुसतं मत नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. आपल्या निबंधांत या हातांचाही विचार व्हावा, ही वक्त्यांना विनंती.

उद्या सकाळी सात वाजता सभागृहाच्या दारातून टेंभूला गाडी निघेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी आज रात्रीच्या जेवणाआधी नाव नोंदवावं. पुन्हा एकदा, या.