दागिने सांभाळा, नोंदही सांभाळा

लग्नसराईत लॉकरमधले दागिने घरी येतात. मग येते मे महिन्याची सुट्टी, गावची जत्रा, आणि घराला कुलूप लागतं. म्हणून आज बोलू या दागिन्यांच्या राखणीविषयी.

आधी दार पाहा. घरफोडीच्या बातमीत 'कडीकोयंडा उचकटून' हे शब्द हमखास असतात. कुलूप कितीही भारी घ्या, कोयंडा दोन छोट्या स्क्रूंवर असेल तर कटावणीच्या एका हिसक्यात निघतो. सुताराकडून आरपार नटबोल्ट बसवून घ्या. दाराच्या आतल्या बाजूचं लॅच असेल तर आणखी बरं. बाहेर कुलूप लटकत नसलं की घर बंद आहे हे चटकन कळत नाही.

चावी तुळशीच्या कुंडीत किंवा चपलांच्या रॅकमध्ये ठेवू नका. तांदळाचा डबा, गादी, देवघर, साड्यांच्या घड्या या आजीच्या वेळच्या जागा चोरांनाही पाठ आहेत. आणि गावाला गेल्याचे फोटो स्टेटसला टाकायचेत? परत आल्यावर टाका.

रोज न वापरायचं सोनं लॉकरमध्येच बरं. पण एक लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमानुसार लॉकरमधून चोरी झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पट रकमेपर्यंतच असते. भाडं 2,000 रुपये असेल, तर 2 लाख. सोनं त्याहून जास्त किमतीचं असेल तर विम्याची चौकशी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चोर सापडला, दागिने मिळाले, तरी ते कोर्टाच्या आदेशाने परत मिळतात, आणि ते आपलेच आहेत हे दाखवावं लागतं. नव्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. पण आईकडून आलेल्या पाटल्यांची पावती कुठून आणणार? त्या सराफाकडे तोलून वजन लिहून घ्या, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ठुशी किंवा मोहनमाळ घातलेला लग्नातला फोटोही कामी येतो. ही वही दागिन्यांजवळ ठेवू नका.

चोरी झालीच, तर कशालाही हात लावू नका, ठसे पुसले जातात. 112 ला फोन करा. एफआयआरची प्रत मागून घ्या, ती मोफत मिळते.

स्त्रीधन हा आपल्या अडीनडीचा आधार आहे. कुणाच्या आजारपणात, मुलीच्या फीसाठी तेच उपयोगी पडतं. तेव्हा या रविवारी एक वही काढा आणि पहिल्या पानावर मंगळसूत्राचं वजन लिहा.