गर्भवतीचें रक्त आणि पहिले अठ्ठावीस दिवस
(ज्युबिली समारंभाच्या महिलासभेंतील भाषण)



या मंगल प्रसंगीं बोलण्याची आज्ञा झाली आणि आम्हीं विषय कळविला, तेव्हां कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं भुंवया चढविल्या. बाळंतपणाची चर्चा ज्युबिलीच्या मंडपांत कशाला, असा त्यांचा आक्षेप. परंतु ज्या देवालयाच्या बाप्तिस्म्याच्या वहींत गांवांतील पिढ्यान्‌पिढ्या नोंदल्या गेल्या, तेथें त्या बालकांच्या मातांविषयीं चार शब्द बोलणें आम्हांस तरी अस्थानीं वाटत नाहीं.

सन १९२८ मध्यें लुसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेंत त्यांजकडे एक बिकट काम सोंपविण्यांत आलें. गिरणीकामगार वस्तींतील गरीब गर्भवती स्त्रिया विलक्षण पांढऱ्याफटक पडत, धांपा टाकीत, आणि त्यांपैकीं कित्येक दगावत. त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. प्रथम जंतूंचा संशय आला, पुरावा मिळेना. तेव्हां बाईंनीं या स्त्रियांच्या ताटाकडे दृष्टि वळविली. ताटांत भाजीपाला, फळें, दूध यांचा जवळजवळ अभावच होता. तसलेंच अन्न उंदरांस घातलें, तों त्यांसही रक्तक्षय झाला. यीस्ट दिलें तेव्हां तो टळला. मग रुग्ण स्त्रियांस मार्माइट देण्यांत आलें, आणि त्या सुधारूं लागल्या. हा शोध सन १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला. मार्माइट म्हणजे बीअरच्या भट्टींत उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क. दारूबंदीचे कडवे पुरस्कर्तेही एवढ्यापुरते भट्टीचे ऋण मान्य करतील, अशी आशा आहे!

त्या अज्ञात द्रव्यास कित्येक वर्षें ‘विल्स घटक’ म्हणत. सन १९४१ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं तसलेंच द्रव्य पालकाच्या पानांतून काढलें व त्यास फॉलिक ॲसिड हें नांव दिलें. जुन्या मिस्सेमुळें लॅटिन कानांवरून गेलेल्या मंडळींस ‘फोलियम’ म्हणजे पान हें सांगावयास नको. पुढें थोड्याच वर्षांत लेडर्ली प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. त्या प्रयोगशाळेंतील संशोधनाचे धुरीण होते आंध्रांतील भीमावरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव.

एका पेशीच्या दोन होतांना या द्रव्याची गरज लागते. गर्भ म्हणजे तर अहोरात्र दुणावणाऱ्या पेशींचा संसार. त्यास हवें तें तो मातेपासूनच घेतो. म्हणून तिची शिल्लक लवकर संपते. इतकें समजण्यास गणित लागत नाहीं. पुढील गोष्टीस मात्र लागतें.

गर्भाच्या पाठीवर प्रथम एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जाऊन एकमेकींस मिळतात व नळी बनते. तीच पुढें मेंदू व मज्जारज्जू होते. ही नळी गर्भधारणेनंतर सुमारें अठ्ठावीस दिवसांत मिटते. वरचें टोंक उघडें राहिलें, तर मेंदू व कवटी घडत नाहींत आणि बालक जगत नाहीं. खालचें राहिलें, तर पाय लुळे पडण्याची व मूत्रावरील ताबा जाण्याची भीति. आतां पाळी चुकते तेव्हांच गर्भ साधारण दोन आठवड्यांचा असतो. उरतात दोन आठवडे. सून सासूस सांगते, सासू डॉक्टरांची वेळ घेते, एवढ्यांत नळी मिटून जाते किंवा उघडीच राहते. आणि मग ग्रहणांत विळी हातीं धरली होतीस काय, असें त्या पोरीस विचारलें जातें! या प्रश्नाइतका निर्दय प्रश्न आम्हांस ठाऊक नाहीं.

सात देशांत चाललेल्या व सन १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, ज्यांचें पूर्वीचें मूल या व्यंगाचें होतें अशा स्त्रियांस गर्भधारणेपूर्वींपासून फॉलिक ॲसिड दिलें. व्यंगाची पुनरावृत्ति शेंकडा ७२ नीं घटली. सर्व व्यंगें टळतात असें नव्हे; पण पुष्कळ टळतात.

सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या गोळींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतें. ती रक्तासाठीं अवश्य घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील गर्भवतींपैकीं शेंकडा ५२ रक्तक्षयी आढळल्या, आणि बहुधा लोहाचीच उणीव त्यास मोठें कारण असते. परंतु मज्जेच्या नळीसाठीं चौथा महिना फार उशिराचा. त्यासाठीं रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेपूर्वीं निदान एक महिना सुरू करून तिसरा महिना संपेपर्यंत घ्यावी. म्हणून आमची विनंती अशी कीं, पॅरिशमधील विवाहपूर्व वर्गांतच वधूवरांस ही माहिती द्यावी. वरासही, कारण औषधाच्या दुकानांत जाण्यास तो लाजूं नये.

घरीं पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरा असावेत. पालेभाजी फार वेळ शिजवूं नये व तिचें पाणी मोरींत ओतूं नये. गुण त्यांतच उतरतो. मात्र ज्या भगिनीस पूर्वीं असें मूल झालें असेल, तिनें भाजीवर किंवा साध्या गोळीवर विसंबूं नये. त्या प्रयोगांतील मात्रा रोज ४ मिलिग्रॅम, म्हणजे दसपट होती. ती डॉक्टरांनींच लिहून द्यावयाची असते, आणि पुढील गर्भाचा विचार मनांत येतांच त्यांजकडे जावें.