लिंबाचं फसफसतं सरबत आणि पेडगावची फेरी

श्रीगोंदा म्हटलं की ऊस आणि लिंबू! त्याच लिंबाचं फसफसतं सरबत घरी करायचं आणि सुट्टीला मोटारसायकल काढायची, हा छंद खिशालाही परवडतो.

सरबत फसफसावं म्हणून आधी आलं सालीसकट किसून पाणी-साखरेत घाला. रोज चमचाभर आलं आणि साखर वाढवा. सालीवरचं यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. चार-पाच दिवसांत बुडबुडे आले की गाळून गोड लिंबूपाण्यात मिसळा. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. दाबल्यावर कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. काचेची बाटली दाबानं फुटू शकते.

मोटारसायकलच्या फेरीसाठी श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव उत्तम. भीमाकाठी बहादूरगड म्हणजेच धर्मवीरगड आहे, लक्ष्मीनारायणाचं कोरीव मंदिर आहे. १६८९ मध्ये कैदेतल्या संभाजी महाराजांना इथंच औरंगजेबापुढे आणलं होतं.

मात्र फेरीला जाताना सरबताची बाटली डिकीत नेऊ नका. उन्हानं दाब वाढतो. सरबतात किंचित अल्कोहोलही तयार होतं, म्हणून ते घरी परतल्यावरच प्या. बिअर किंवा वाइन मात्र परवान्याशिवाय घरी करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. आणि हो, हेल्मेट घालूनच निघा!